मेलेल्या घोड्यावरचे नऊ सेकंद

शनिवार, ५ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.५०

आज घडलं ते क्रमाने.

१. चार वाजता मामांच्या बाहेरच्या खोलीत नेहमीचे तिघे आले. दाताचे डॉक्टर, लेडीज टेलर आणि शाळेतून रिटायर झालेले भूगोल सर. मामा धरून चार. हे स्वतःला 'घोडदळ' म्हणवतात. यांच्यातलं कोणीही घोड्यावर बसलेलं नाही.
२. विषय: सर्वांत चांगला वेस्टर्न, म्हणजे घोडे-पिस्तुलांचा इंग्रजी सिनेमा, कोणता. हा विषय एकतीस वर्षं चालू आहे.
३. डॉक्टरांनी एक नवीन नाव पुढे केलं. बाकीच्यांनी ते सहा मिनिटांत पाडलं. निकाल नेहमीचा: टपालठाण्याचा (टपालगाडीचे घोडे बदलायच्या ठाण्यावर घडणारा) सिनेमा. कारणही नेहमीचं: शेवट. लंगडा नायक ठाण्यावरच्या विधवेचा निरोप घेतो, घोड्यावरून टेकडी चढतो, माथ्यावर थांबतो आणि वळून पाहतो.
४. तो वळून का पाहतो, यावर पाऊण तास.
५. ५.३० ला मी सांगितलं की तो वळून पाहत नाही. मी डिस्क मागवून तीनदा पाहिली आहे. तो टेकडी चढतो आणि जातो.
६. टेलर हसले. डॉक्टर म्हणाले, तुझा जन्म व्हायच्या आधी आम्ही हा सिनेमा आठ-आठ वेळा पाहिलाय, आणि तो दाखवला तुझ्याच मामाने.
७. मी डिस्क लावते म्हटलं. मामा म्हणाले, "राहू दे." आणि चहाचे कप उचलून आत गेले.

मामा कप कधीच उचलत नाहीत. म्हणजे मुद्दा त्यांना पटला असणार.

मामा इथल्या थिएटरात सव्वीस वर्षं ऑपरेटर होते, प्रोजेक्टर चालवायचे. थिएटर आता बंद आहे. मंगळवारी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन. त्यानंतर शनिवार कोणीतरी दुसऱ्याने सांभाळावा, असं ते दोनदा म्हणाले आहेत. सांभाळणं म्हणजे सिनेमा निवडणं आणि वादात शेवटचा शब्द देणं. मी दोन वर्षं त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहते, मापन प्रयोगशाळेत इंजिनिअर आहे, एकही शनिवार चुकवलेला नाही. दुसरं नाव मला तरी दिसत नाही.

या शहरात मी ज्यांच्याशी बोलते अशी माणसं मोजली. पाच. चार शनिवारची, पाचव्या मामी. ही तक्रार नाही, नोंद आहे.

निर्णय: पुढच्या शनिवारपर्यंत पुरावा.


रविवार, ६ फेब्रुवारी

तिघांच्या मतांचं टिपण केलं. 'तो वळून का पाहतो':

डॉक्टर: पाठलाग होतोय का ते बघायला.

भूगोल सर: निरोप संध्याकाळचा आहे, पण वळताना सावली सकाळची पडते. म्हणजे तो रात्रभर टेकडीवर बसून राहिला, त्याचा पाय निघेना. या सिद्धान्तावर सर अकरा वर्षं काम करत आहेत. नकाशा काढला आहे.

टेलर: माणूस वळून बघतोच. टेलरांचा थोरला भाऊ एकोणिसाव्या वर्षी घर सोडून गेला, परत आला नाही. आई दारात उभी होती. तो गल्लीच्या टोकापर्यंत सरळ चालत गेला. टेलरांचं म्हणणं, कोपऱ्यापलीकडे गेल्यावर त्याने पाहिलं असणार, फक्त घरून दिसलं नाही. सिनेमात ते दिसतं, एवढाच फरक.

नमुना एक. निष्कर्ष काढायला अपुरा.

मामांचं मत: टिपणात काहीच सापडलं नाही. ते नुसते ऐकत असतात.


मंगळवार, ८ फेब्रुवारी. दुपारी २.१५

दवाखान्यात थांबायला अर्धा दिवस रजा घेतली होती. तिथे एकाच माणसाची गरज होती आणि मामी होत्याच. म्हणून घरी आले.

मामांच्या कपाटाला कुलूप नव्हतं. तळाशी बिस्किटांचा डबा, डब्यात फिल्मची एक गुंडाळी. साडेतेरा फूट, २१६ फ्रेम, म्हणजे बरोबर नऊ सेकंद. लंगडा घोड्यावर बसून वळून पाहतो आहे. दोन्ही टोकांना फिल्म जोडायच्या सिमेंटचे डाग.

फ्रेम पुन्हा एकदा मोजल्या. सकाळपासून जेवले नव्हते.

घोड्याचा पुढचा डावा पाय गुडघ्यापर्यंत पांढरा आहे. हा घोडा सिनेमाच्या मध्यावर मरतो. शेवटी नायक ज्या घोड्यावरून जातो तो पूर्ण काळा. हे नऊ सेकंद दुसऱ्या रिळातले आहेत. लंगडा तेव्हा गावात येत असतो, गाव सोडून जात नसतो. आणि वेळ सकाळची. भूगोल सरांची सावली त्यामुळेच सकाळची.

थोडक्यात, मेलेल्या घोड्यावर बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, यावर तीन शहाणी माणसं एकतीस वर्षं वाद घालत आहेत.

मोजमाप इतकं स्वच्छ क्वचित जुळतं.

मामी थर्मास न्यायला आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. मी डबा कुठे सापडला ते स्वतःहून सांगितलं. मग त्यांनीही सांगितलं. शेवटचं रीळ फाटून आलं होतं. निरोप झाला, नायक टेकडी चढायला लागला की पडदा एकदम पांढरा व्हायचा. पहिल्या खेळाला लोकांनी खुर्च्या मोडल्या. मामांनी मधल्या वेळेत दुसऱ्या रिळातला तुकडा कापून शेवटी जोडला. सिनेमा अकरा आठवडे चालला. प्रिंट परत करताना तेवढा तुकडा ठेवून घेतला.

मग मामी म्हणाल्या, "हे त्यांना ठाऊक आहे. त्या तिघांना नाही. तसंच राहू दे गं."

मामींची पार्श्वभूमी तांत्रिक नाही. पण साक्षीदार म्हणून उपयोगी. त्यांचं म्हणणं तारखेसह लिहून ठेवलं.


गुरुवार, १० फेब्रुवारी

गुंडाळी लॅबमध्ये नेली. मायक्रोस्कोपखाली दोन्ही टोकांचे फोटो घेतले. फार छान आले.

काचेवर ताणताना १३१व्या फ्रेमपाशी तुटली. याला मी जबाबदार नाही. फिल्म इतकी वर्षं डब्यात आवळून ठेवली तर ठिसूळ होतेच. चांगल्या प्रतीच्या टेपने जोडली. जोड आता मूळ फिल्मपेक्षा मजबूत आहे.

संकल्प: पुढच्या वेळी आधी विचारायचं. या वेळी विचारलं असतं तर मामा नाही म्हणाले असते, त्यामुळे विचारण्यात अर्थ नव्हता.


शनिवार, १२ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.००

सादरीकरण झालं. चौदा स्लाइड. मामा काळा चष्मा लावून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. त्यांना पडदा दिसत नव्हता, म्हणून प्रत्येक स्लाइड मी मोठ्याने वाचली.

सहावी स्लाइड (घोड्याचा पाय): डॉक्टर हसले. त्यांना वाटलं गंमत आहे. मी थांबले नाही, तेव्हा हसायचे थांबले.

नववी स्लाइड (सावली): भूगोल सरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला नाही. त्यांचं निरीक्षण अचूक होतं, फक्त त्यावरून काढलेला सगळा अर्थ चुकीचा होता, असं मी आवर्जून सांगितलं. श्रेय द्यावं.

अकरावी (सिमेंटचा डाग, चाळीस पट मोठा): हा जोड मामांच्या हातचा आहे, असं मी म्हणाले. कौतुकाने म्हणाले.

मग टेलरांनी विचारलं, "म्हणजे तो बघतच नाही?"

मी म्हटलं, "नाही. जगातल्या कुठल्याच प्रिंटमध्ये नाही. मामांची सोडून."

टेलर मामांकडे बघत राहिले. मामा म्हणाले, खुर्च्या मोडत होते रे, काहीतरी लावायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, "आणि एकतीस वर्षं तू गप्प बसलास?"

मामा म्हणाले, "तुम्ही इतकं छान बोलत होतात."

५.१० ला तिघे गेले. चहा तसाच राहिला. उरलेल्या तीन स्लाइड दाखवायची गरज पडली नाही. मुद्दा स्पष्ट असला की चर्चा लवकर आटोपते.

मामांनी गुंडाळी मागितली. मी हातात दिली. ते बोटांनी चाचपत गेले आणि मधल्या टेपपाशी थांबले. कुठे तुटली, असं विचारलं. मी फ्रेमचा क्रमांक सांगितला.

अंदाज: सत्य पचायला दोन शनिवार लागतील.


शनिवार, १९ फेब्रुवारी

कोणी आलं नाही. संभाव्य कारणं: डॉक्टरांकडे पेशंट, सरांचा गुडघा, टेलरांकडे लग्नाची कामं. तिन्ही एकाच दिवशी असू शकतात.

मामा चार वाजता काठी घेऊन फिरायला गेले, सातला आले. तीन तास. डोळ्याच्या ऑपरेशननंतर हे जास्त वाटतं, पण मोकळी हवा चांगली.

मी 'भाग दोन: टपालठाण्यातल्या घोड्यांची संख्या' तयार ठेवला होता. पाच प्रसंगांत संख्या जुळत नाही. साडेपाचपर्यंत खुर्च्या मांडून बसले.

संकल्प: यापुढे एका शनिवारी एकच चूक दाखवायची.


गुरुवार, २४ फेब्रुवारी

शनिवार सांभाळायची माझी तयारी आहे, असं मामींना सांगितलं. त्यांनी मामांना सांगावं. मामी पोळ्या लाटत होत्या. "बरं," म्हणाल्या.

होकार धरायला हरकत नाही.

मामा हल्ली जेवायला माझ्या आधी बसतात. किंवा नंतर. डोळ्यात थेंब घालायच्या वेळा ठरलेल्या असतात.


शनिवार, २६ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.४५

टेलरांच्या दुकानावरून गेले. रस्ता तोच आहे, थोडा लांबचा. शटर गुडघ्यापर्यंत खाली होतं. खाली आठ पाय. दोन पाय मामांच्या तपकिरी सँडलमधले.

आधी वाटलं, मापं देत असतील.

मग डॉक्टरांचा आवाज ऐकू आला. अख्खा सिनेमा हाताशी असताना याने नेमका तोच तुकडा का उचलला, असं ते विचारत होते. भूगोल सर म्हणत होते, तेव्हा याचं लग्न ठरत होतं, हिशेब लावा. टेलर म्हणाले, लंगडा राहिला बाजूला, वळून पाहिलं ते यानेच. सगळे हसले. मामाही हसले. मामा मोठ्याने हसतात हे मला माहीत नव्हतं.

चर्चा पूर्णपणे माझ्या निष्कर्षांवर चालली होती. पद्धत रुजली, असं म्हणता येईल.

मी शटर वाजवलं. आतलं बोलणं बंद झालं. टेलर वाकून बाहेर आले आणि म्हणाले, "दुकान बंद आहे, मॅडम."

दोन वर्षं ते मला 'पोरी' म्हणायचे. माझ्या कामाबद्दल आदर वाढला आहे.

मी विचारलं की पुढच्या शनिवारी किती वाजता. ते म्हणाले, पुढच्या शनिवारीही बंद आहे.


बुधवार, २ मार्च

मामींनी माझ्या लॅबजवळच्या वर्किंग विमेन्स होस्टेलमध्ये खोली बघितली आहे. मला न विचारता, म्हणजे मला सरप्राइज असणार. येण्याजाण्याचा वेळ ५२ मिनिटांवरून ११ वर येतो. खिडकी उत्तरेला, प्रकाश एकसारखा. सर्व दृष्टींनी सोयीचं.

मामींना विचारलं की हे मामांनी सांगितलं का. मामी माझ्या चादरी घडी करत होत्या. म्हणाल्या, त्यांनी काहीच सांगितलं नाही, ते सांगतील म्हणून मी तीन आठवडे थांबले होते. मग म्हणाल्या, "तुला एकदा गप्प बस म्हटलं होतं. एकदाच म्हटलं होतं ना?"

मी तारीख सांगितली. आठ फेब्रुवारी.

त्यांनी घडी अर्धवट सोडली आणि खाली गेल्या. उरलेल्या दोन चादरींच्या घड्या मी केल्या. कोपऱ्याला कोपरा जुळवून.


शनिवार, १२ मार्च

होस्टेल. चार वाजता कपडे धुतले. सव्वाचारला वाळत घातले.

समोरच्या खोलीतल्या नर्सला विचारलं, वेस्टर्न आवडतात का. ती म्हणाली, वेस्टर्न टॉयलेट कॉमन आहे, पॅसेजच्या टोकाला.

मामींना फोन केला. मामांचा डोळा कसा आहे ते विचारलं. त्या म्हणाल्या, दिसतंय आता सगळं.


शनिवार, १९ मार्च. दुपारी ४.०५

मामांना पत्र. हा तिसरा मसुदा. पहिल्या दोन मसुद्यांना परिशिष्टं होती. हाच पाठवायचा.

'ती. मामांस,

शनिवारी टेलरांच्या दुकानात तुम्ही जमता, हे मला माहीत आहे. मला यायचं आहे. शनिवार सांभाळायचा नाही, नुसतं यायचं आहे. दाराजवळ बसेन. सोबत काही आणणार नाही. कोणी विचारल्याशिवाय बोलणार नाही, आणि विचारलं तर आधी तुमच्याकडे बघेन.

गुंडाळी तुटली ती माझ्या हातून तुटली. मी ती जास्त ताणली.

परवा सिनेमा पुन्हा लावला होता. शेवट आला तेव्हा बंद केला.

त्या तिघांना माझ्यासाठी काही सांगू नका. टेलर नको म्हणाले तर आग्रह करू नका. येऊ की नको, एवढंच कळवा. फोन केलात तरी चालेल, मामींकडून निरोप आला तरी चालेल. नको असेल तरी कळवा. गुरुवार, २४ मार्चपर्यंत.'