‘स्प्राय’ला एक खरं उदाहरण

४ मार्च
कित्येक महिन्यांनी लिहितो आहे. क्षमा असावी. (कुणाची? वही रुसत नाही आणि दुसरं कुणी वाचत नाही. तरी असावी.) कारण कोशाचं काम. इंग्रजी-मराठी कोशात ‘एस’ अक्षर माझ्याकडे आहे आणि मी ‘स्प्राय’पाशी अडलोय. अर्थ चपळ, पण वापर फक्त म्हाताऱ्यांसाठी. ‘चपळ’ हरणाला शोभतो. ‘चलाख’ म्हटलं की खिसा चाचपावासा वाटतो. संपादकबाई म्हणाल्या, ‘टुणटुणीत’ लिहा आणि पुढे सरका. पण टुणटुणीत म्हणजे नुसती तब्येत, की चालणंही? शिवाय उदाहरणाचं वाक्य खरं हवं. पुराव्याशिवाय लिहिणार नाही.
निश्चय: या आठवड्यात ‘एस’ संपवणे.

११ मार्च
काखेत कळसा! वडील. निवृत्त ड्रिल मास्तर, वय अठ्ठ्याहत्तर. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ताईचं घर तळमजल्यावर. ती त्यांना घेऊन जायला टपलेली. त्यांचं उत्तर ठरलेलं: जिना चढता येईनासा झाला की ये न्यायला.
वाक्य लिहिलं: ‘माझे वडील या वयातही टुणटुणीत आहेत.’ बायको म्हणाली, झालं ना, आता बाथरूमचा नळ बघा.

१२ मार्च, सकाळ
मन खातंय. वडील जिना चढतात ते कठडा धरून. कठडा धरणारा माणूस स्प्राय का?

१२ मार्च, दुपार
त्यांना सहज विचारलं, कठड्याशिवाय जमतं का. आग्रह केला नाही. ते दुखावले आणि उठले. चढले, उतरले. धापा टाकत होते, पण धापांचा या शब्दाशी संबंध नाही. तीन कोश पाहिले.

१४ मार्च
संपादकबाईंचा फोन. म्हटलं, एकच शब्द उरलाय. (त्याच्यापुढचे सोडून.) हे खोटं होतं का? माझ्या डोक्यात सध्या एकच आहे, म्हणजे नव्हतं.

१६ मार्च
एका कोशात ‘हलक्या पावलांनी’ असं आहे. हे तपासायलाच हवं. वडिलांना म्हटलं, दोन-दोन पायऱ्या घेता येतील का, नसेल तर राहू द्या. ‘राहू द्या’ म्हणालो, हे इथे मुद्दाम नोंदवतो. बायको म्हणाली, माणूस आहेत ते, शब्द नव्हेत. तोवर त्यांनी कपाटातून जुने कॅन्व्हासचे बूट काढलेसुद्धा.
मी खाली उभा राहिलो. खालून पावलं नीट दिसतात.
ते पडले. माझ्या पायाशीच आले. कण्हणं थांबल्यावर म्हणाले, “दिसलं का नीट?”

१७ मार्च
खुब्याचं हाड. ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, यापुढे वॉकर, आणि जिना विसरा. मी त्यांना सांगितलं की कालपर्यंत वडील अतिशय टुणटुणीत होते. त्यांनी विचारलं, मग झालं काय? मी बूट झिजले होते म्हणालो. झिजलेच होते.
ताई माझ्याशी बोलत नाही. बायको बोलते, पण तिने बोलू नये असं वाटतं.

२ एप्रिल
वडिलांना ताईकडे नेलं, हॉस्पिटलातून परस्पर. सामान न्यायला ताई वाटेत वर आली. बूट नको म्हणाली. वडील गाडीत होते, वर खिडकीकडे पाहिलं नाही. मी हात हलवला.
खोली रिकामी झाली. खरं तर अभ्यासिकेसाठी उत्तम आहे. हा विचार आजच सुचला की आधीपासून होता? प्रामाणिकपणे सांगतो, आजच.

५ एप्रिल
‘एस’ माझ्याकडून काढला. नव्या मुलीने चार दिवसांत संपवला. ‘स्प्राय’पुढे तिने लिहिलंय: चपळ. बस्स. पानं वाचवायला संपादकबाईंनी सगळ्या कोशातली उदाहरणंही उडवली. मी म्हटलं, बाई, या शब्दाच्या मागे माझे वडील आहेत. त्यांनी मला ‘टी’ दिला.
बरंच झालं. ‘एस’मध्ये माझी कदर नव्हती. चाळताना ‘टॉटर’ दिसला. तोही बहुतेक म्हाताऱ्यांसाठीच. लटपटणे की डगमगणे? दोन्हींत सूक्ष्म फरक आहे, अंदाजाने लिहिणं पाप.
उद्या: ताईकडे जाऊन वडिलांना वॉकरशिवाय चार पावलं टाकायला सांगणे.