अठरा इंची बॉक्स

नांदेड, ३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. शिवकांताताईस, सा. न. वि. वि.

फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहून राहिलो. बेस गिटारसाठी नवा बॉक्स घेतला. अठरा इंची स्पीकर, आठशे वॅट! जुना बारा इंची तर दोनशेचाच. पण त्याच अँप्लिफायरवर नव्याचा आवाज जुन्याहून दबका येतो. आमच्या ऑर्केस्ट्र्याचे गायक अन् मालक मुज्तबाभाई साफ म्हणाले, की सोळा तारखेला अर्धापूरच्या लग्नात बेस ऐकू आला नाही, तर तुझं काम कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताला देईन. तू अन् दाजी लातुरात साउंड लावता, काहीतरी सांग. दोन्ही बॉक्सच्या मागच्या पट्टीचे फोटो सोबत आहेत. आपले अण्णा मात्र लई खूश. येईल त्या पाहुण्याला बॉक्स दाखवतात.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी उत्तर धाड.

तुझा,
सुदर्शन

लातूर, ७ फेब्रुवारी

चि. सुदर्शनास अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, वॅट म्हणजे बॉक्स किती सोसतो ते. किती बोलतो ते नव्हे. गुरुजींचा मार तू वर्गात सगळ्यांत जास्त सोसायचास, म्हणून काही पहिला नंबर आला नाही. पट्टीवर डेसिबल बघ. एक वॅट दिल्यावर एका मीटरवर किती आवाज, तो हा आकडा. नव्याचा एक्याण्णव, जुन्याचा अठ्ठ्याण्णव. हा फरक भरून काढायला पाचपट ताकद लागते. ती तुझा अँप आणणार कुठून?

दोन्ही एकत्र जोडायचा मोह होईल. जोडू नकोस. विजेला अडथळा नव्याचा चार ओहम, जुन्याचा आठ. एकत्र केले की तीनच्याही खाली जातात. तुझा अँप चारच्या खाली चालत नाही, ऐन लग्नात तापून बंद पडेल. गुमान जुना ने.

तिखट लिहिलंय, पण माया तेवढीच आहे.

तुझी,
ताई

नांदेड, १७ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. पण मुज्तबाभाईंनी आठशे वॅटची हवा गावभर केलेली, त्यामुळं नवाही न्यावा लागला. तो स्टेजवर पुढं मांडला, वायर न जोडता. वाजला तो जुना, पातळ पडद्यामागून. पहिल्याच गाण्याला खुर्च्या थरथरल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

लग्नाला आलेले अण्णा नव्या बॉक्सवर तळहात ठेवून शेजाऱ्याला म्हणाले, की बघा, कसा धडधडून राहिला! नवरदेवाच्या चुलत्यानं तर बॉक्सला हार घातला. मी अण्णांना खरं सांगायला गेलो, तर म्हणाले, की तुला नुसतं वाजवता येतं, त्यातलं कळत न्हाई.

नायगावच्या बँडनं तसाच बॉक्स मागवलाय. त्यांना डेसिबल समजावलं, तर मी जळतोय असं वाटलं त्यांना. मुज्तबाभाईंनी माझी जागा कायम केली. वर म्हणाले, की पुढच्या कार्यक्रमाला तू आजारी पडलास तरी हरकत नाही, बॉक्स तेवढा पाठव.

लोभ माझ्यावर असू दे, ताई. बॉक्सला पुरेसा मिळतोय.

तुझा,
सुदर्शन