बूट बरोबर, पाय चुकीचे

४ जून
रोजनिशी लिहायला घेतली. वही मध्येच तोंड घालत नाही. घरात हा गुण दुसऱ्या कुणात नाही.

आज मेव्हणीनं बूट परत आणले. गडद वाइन कलर, आत मऊ अस्तर, टाचेला हातशिलाई. बिस्पोक काम, म्हणजे अख्ख्या जगात फक्त तिच्या पायांसाठी बेतलेला जोड. तर बाईसाहेबांचं म्हणणं असं की बसल्यावर लोण्यासारखे वाटतात आणि उठलं की चावतात. मी म्हटलं, मग उठतेस कशाला. अर्धा चहा तसाच टाकून गेली. चूक तिच्या पायांची आणि फुगून बसायचं तिनंच.

७ जून
शेजारच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईसुद्धा जोड ठेवून गेल्या. तीच रड. दिवसभर पेशंटजवळ उभं राहावं लागतं म्हणे. मी स्टूल घ्यायला सुचवलं. दात ओढणाऱ्या बाईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती शिकलेल्या माणसाला शोभत नाही.

आणि मग बँकेतल्या कॅशिअरबाई कशा खूश? हात माझेच, पद्धत माझीच. काउंटरमागच्या खुर्चीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझे बूट घालून असतात. परवा रस्त्यात स्कूटर थांबवून म्हणाल्या, इतका सुखाचा जोड आयुष्यात घातला नव्हता. म्हणजे दोष बुटांत नाही, हे सिद्ध झालं.

संकल्प: परत आणलेला जोड यापुढे दारातूनच परत. तशी पाटी रंगवायची.

८ जून
पाटी रंगवली. हिनं काढून कपाटामागे टाकली. हिच्या शाळेतल्या पालकांची दारात ये-जा असते, बरं दिसत नाही म्हणाली. नोकरी सोडून बाहेरच्या खोलीत मी कला उभी केली, त्याचं बरं दिसत नाही. पालकांचं बरं दिसतं.

११ जून
ही मुख्याध्यापिका झाली! कमिटीचं पत्र आलं. पण त्यातही खोच आहेच. अध्यक्षांना म्हणे तरुण माणूस हवा होता, तो व्यायामवाला उपमुख्याध्यापक. तीन मजल्यांची शाळा, या वयात तुम्हाला जिने झेपतील का, असं त्यांनी हिला तोंडावर विचारलं. म्हणून नेमणूक तूर्त वर्षभरासाठीच. पुढचं पुढे बघू, म्हणाले. इतकी वर्षं राबली, त्याचं हे बक्षीस. मला इतका संताप आला की हातातली आरी टेबलात रुतली. ही मात्र शांतपणे भाजी चिरत होती. म्हणाली, मला हे काम हवंय, फार दिवसांपासून हवंय, आणि ते जिने मी चढून दाखवणार आहे.

सत्तावीस तारखेला समारंभ. भाषण, मग पाहुण्यांना घेऊन सगळी शाळा फिरायची. मी तिथल्या तिथे जाहीर केलं: बूट माझे. आजवर हिनं माझा एकही जोड घातलेला नाही. दरवेळी काहीतरी निमित्त. आज मीही जेवणाच्या ताटावरून उठलो. शेवटी हो म्हणाली.

हॉलभर शिक्षिका, हॉलभर आया, आणि स्टेजवर माझे बूट. ऑर्डरींना तोंड देणं कठीण जाईल.

१२ जून
हिचं माप घेतलं. माझी पद्धत साधी आहे. गिऱ्हाइकाला आरामखुर्चीत बसवायचं, पाठ टेकवायला लावायची, पाय अलगद कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायची. पायावर जराही भार नको. आरामात असलेला पाय खरा पाय, ही माझी थिअरी. बूट बनवायच्या कोर्समध्ये शिकवणाऱ्या मास्तरांचं मत वेगळं होतं, म्हणून तर मी कोर्स मध्येच सोडला.

ही बसल्या बसल्या झोपली. सरळ शाळेतून आलेली. त्यामुळे माप उत्तम मिळालं.

१६ जून
चामडं आणलं. मोरपिशी. चामडेवाल्यानं विचारलं, बायका हा रंग घालतात का. मी त्याला बायकांच्या पायांविषयी तासभर ऐकवलं. मागे रांग लागली, लोक कुरकुरायला लागले. शिकायची इच्छाच राहिलेली नाही कुणात.

फर्मा, म्हणजे ज्या लाकडी पायावर बूट बेततात तो, मीच घासून हिच्या मापाचा केला. काय देखणा पाय. असा पाय या घरात वावरतो आणि त्यात रबरी चपला असतात, हे पाहून चीड येते.

२० जून
फिटिंग. हिला खुर्चीत बसवून बूट चढवले. छान बसलेत, म्हणाली. स्पष्ट म्हणाली. मग उठायला लागली. मी ओरडलो. चामडं अजून कोवळं आहे, फिनिशिंग व्हायचंय, आता चाललीस तर आकार बिघडेल. ही बिचारी बसली खाली. तशीच बसल्या बसल्या भाषणाचा कागद वाचत राहिली. मोरपिशी रंगात हिचे पाय असे काही दिसत होते की मी हातातलं फडकं खाली ठेवून बघत राहिलो.

२३ जून
कन्या सुट्टीला आली आणि शांतता संपली. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं माप घेत होतो. कन्या दारात उभी राहून बघत होती. बाई गेल्यावर म्हणाली की बाबा, उभं राहिल्यावर पाय पसरतो, लांबीलाही वाढतो, आणि तुम्ही सगळ्यांची मापं बसवून घेता. कॅशिअरबाई दिवसभर बसतात म्हणून त्यांना चावत नाहीत, हेही वर.

मी म्हटलं, तू कॉमर्सला आहेस. कॉमर्समध्ये राहा.

इतका उर्मटपणा या मुलीत कुणाकडून आला, देव जाणे. रात्रीचं जेवण खोलीत मागवलं. कुणी आणून दिलं नाही. शेवटी बाहेर जाऊन जेवलो.

२४ जून, सकाळी
सगळे बाहेर गेल्यावर दाराला कडी लावून कागदावर पाय ठेवला. बसून पेन्सिल फिरवली. मग उभा राहिलो.

पाय रेषेच्या बाहेर.

कागद खराब आहे. दुसरा घेतला. तोही खराब निघाला. हल्ली कशाचाच दर्जा राहिलेला नाही.

त्याच दिवशी, दुपारी
बूट तयार आहेत. शिलाई झाली, तळ चिकटला, पॉलिश झालं. आता फर्मा बदलायचा तर नवा जोड, आणि त्याला वेळ कुठाय. हिला सांगावं तर जुन्या काळ्या चपला घालून जाईल. कन्या तोंड वाकडं करेल. मेव्हणीला फोन जाईल.

नाही. बुटांना बदलायची गरज नाही. भाषण बसून करता येतं. मोठमोठे लोक बसूनच बोलतात. जो उभा राहून बोलतो त्याचं लक्ष पायांत असतं.

२५ जून
हिला सुचवून पाहिलं. बसून बोल, भारदस्त वाटतं. ही म्हणाली, अजिबात नाही, अध्यक्ष पहिल्या रांगेत असणार. हट्टी बाई. मी हिच्या भल्यासाठी रक्त आटवतोय आणि हिला अध्यक्षांची पडली आहे.

२६ जून
माझ्या बाजूनं मी बंदोबस्त केला. शाळेच्या ऑफिसात फोन लावला. नव्या मॅडमना उभं राहिलं की हल्ली चक्कर येते, तर स्टेजवर चांगली खुर्ची ठेवा, शाळा फिरायचा कार्यक्रम रद्द करा, आणि हे आपल्यातच राहू द्या. क्लार्कनं काळजी करू नका म्हटलं. शहाणा माणूस वाटला. या घरात असा एक तरी असता तर.

२७ जून, सकाळी
बूट चढवून ही निघाली. सोफ्यावर बसून घातले. दारापर्यंत गेली, क्षणभर चौकट धरली. काय झालं विचारलं. काही नाही म्हणाली. गाडीत बसल्यावर चेहरा एकदम फुलला. बघा.

मला पहिल्या रांगेत जागा. कन्याही बरोबर. सविस्तर संध्याकाळी.

२७ जून, संध्याकाळी
खुर्ची ठेवली होती. गादीची, हात असलेली.

अध्यक्षांनी माइकवरून सांगितलं की मॅडमना उभं राहवत नाही असं कळलं, तब्येत आधी, त्यांनी निवांत बसावं, आणि गरज पडल्यास उपमुख्याध्यापक सगळं बघायला समर्थ आहेत. आपल्यातच राहू द्या म्हटलं होतं मी. क्लार्कच्या तोंडात तीळ भिजत नाही. व्यायामवाला मान खाली घालून हसला. मी उठून त्याची कॉलर धरणार होतो, पण कन्येनं माझा शर्ट धरून ठेवला.

हिनं खुर्चीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची स्वतःच्या हातानं उचलून बाजूला ठेवली आणि उभी राहिली.

पूर्ण भाषण उभ्यानं. एकदा टेबलाला हात लागला, तो लगेच काढून घेतला. त्यानंतर पाहुण्यांना म्हणाली, चला, शाळा दाखवते. तिन्ही मजले चढली. अध्यक्ष दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत थांबले, ही थांबली नाही. सगळे टाळ्या वाजवत होते. एका बाईनं मला विचारलं, बूट कुणी बनवले. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

घरी आल्यावर बूट निघेनात. कन्येनं कात्रीनं शिवण उसवली. मोज्याला रक्त लागलं होतं. दोन्ही टाचा सोललेल्या, करंगळ्या काळ्यानिळ्या.

मी कोमट पाण्याची बादली आणली. ही ओरडेल म्हणून बादलीशीच बसून राहिलो. माझ्याकडे उत्तरं तयार होती. क्लार्क, अध्यक्ष, चामडं, हवा. फोन तुम्हीच केलात ना, एवढंच हिनं विचारलं. हो म्हटलं. मग म्हणाली की गाडीत बसल्यावर बरं वाटलं तेव्हा मी ठरवलं होतं, भाषण खुर्चीत बसून करायचं, टेबलाखाली बूट काढून ठेवायचे, तुम्हाला कळूही द्यायचं नाही. पण तब्येतीचं ऐकल्यावर बसता येईना.

एवढं सांगून हिनं डोळे मिटले. रागावली नाही. कन्या आत जाऊन मलम शोधत बसली.

मीच शोधतोय मघापासून, कुणावर रागवावं. सापडत नाही. बादलीतलं पाणी गार झालं होतं, बदलून आणलं.