मामा, गाडी पडली होती ना?

मामा,

तुमच्या पाया पडते.

तुम्ही जाऊन पाच महिने झाले. सुनेनं सासऱ्याला पत्र लिहायची आपल्याकडं रीत नाही, आणि तुम्ही असतात तर लिहायची गरजही पडली नसती. ओसरीवर बसून बोलले असते. पण काल मी औरादला जाऊन आले. तिथं जे ऐकलं ते पहिलं तुम्हालाच विचारावंसं वाटतंय. म्हणून उपकेंद्रातला कोरा कागद घेऊन बसलेय. आजचं लसीकरण आटोपलंय, बाया लेकरं घेऊन घरी गेल्यात.

तुम्हाला आठवतं, माझी नर्स म्हणून इथं नेमणूक झाली तेव्हा एसटी दिवसातून दोनदाच होती? तुमचा बालाजी हैदराबादला कामावर. रोज अठरा किलोमीटर जायचं कसं म्हणून मी रडकुंडीला आले होते. तुम्ही तुमच्या मोटारसायकलवर फडकं मारत म्हणालात, "चल माय, गाडी शिकवतो."

"मामा, गिअरची गाडी? लोक काय म्हणतील?"

"लोक बघतेत चार दिस. मग सुई टोचून घ्यायला तुझ्याकडंच यायचंय त्यांना."

सोयाबीन निघालेल्या रानात तुम्ही मला शिकवलंत. पायजमा वर खोवून गाडीमागं पळायचात, धापा टाकत ओरडायचात, "क्लच हळू सोड! कोंबडीचं पिल्लू भुईवर ठेवल्यासारकं!" माझ्या वडिलांनी मला साधी सायकलसुद्धा दिली नव्हती, मामा. हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

मग दोन वर्षांपूर्वी तुमचं हृदयाचं दुखणं निघालं. रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली. त्या दिवसापासून मी तुमच्यावर पहारा बसवला. मीठ कमी, चहा एकदाच, आणि गाडी बंद. "या गोळीवर पडलात तर रक्त थांबायचं नाही," असं मीच तुम्हाला बजावलं होतं. गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुसताना तुमचा हात सीटवर जरा जास्त वेळ राहिला. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

उन्हाळ्यात लातूरला माझं दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं. एसटीनं गेले. परत आले तर तुमच्या डाव्या कानशिलावर टेंगूळ.

"काय झालं मामा?"

"काय न्हाई. गोठ्याच्या चौकटीला लागलं."

मी मलम लावलं. वर तुम्हालाच बोलले, "बघून चालत जा की." एवढ्यावर विषय संपवला मी!

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना गाडीचं हॅण्डल थरथरलं. चाळीसच्या आसपास वेग गेला की दोन्ही मुठींत बारीक कापरं भरायचं, जसं हिवतापाच्या माणसाचा हात धरावा. संध्याकाळी तुम्हाला सांगितलं. तुमचा चेहरा पडला होता का हो तेव्हा? मला आता सारखं वाटतं, पडला होता. तुम्ही म्हणालात, "हवा कमी असंल. मी बघतो." त्यानंतर रोज सकाळी, मी निघायच्या आधी, तुम्ही पुढचं टायर अंगठ्यानं दाबून बघायला लागलात. आणि रोज एकच सांगणं, "चाळीसच्या वर नको पळवू माय." मला राग यायचा. एकदा मी म्हणाले, "मामा, मी काय लहान आहे?" तुम्ही नुसते हसलात.

मग तुमचं डोकं दुखायला लागलं. मी गोळी दिली, ऊन लागलं असेल म्हणाले. तुम्ही बसल्या जागी पेंगायला लागलात. म्हशीला पाणी दाखवायचं विसरायला लागलात. आत्या बायकोच्या हक्कानं तुमच्यावर खेकसायच्या, "लई आळशी झालाव!" एक दिवस तुम्ही शर्टाची बटणं वरखाली लावून आलात आणि मी हसले. मामा, मी हसले! दुसऱ्या कुणाचा म्हातारा असा माझ्यासमोर आला असता तर मी धावत दवाखान्याची गाडी बोलावली असती. घरातल्या माणसाकडं आपण असं का बघत नाही?

तिसऱ्या आठवड्यात तुम्ही सकाळी उठलाच नाहीत. लातूरला नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला. डोक्यात आत रक्त साकळलं होतं, हळूहळू, कितीतरी दिवसांपासून. त्यांनी मला विचारलं, "गेल्या दोन-तीन आठवड्यांत कुठं पडले होते का?"

मी म्हणाले, "नाही. चौकट लागली होती जराशी, तेवढंच. मी स्वतः नर्स आहे डॉक्टर, पडले असते तर मला कळलं असतं."

ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तेरावं झाल्यावर मी पुन्हा गाडीवर बसले. थरथर वाढली होती. पहिल्या दुकानदारानं हवा भरली आणि टायर दाखवलं, "एका बाजूनं खाल्लंय." नवं टायर टाकलं. थरथर तशीच. दुसऱ्यानं चाकाला शिशाचं वजन लावलं, चाक एका बाजूला जड पडतंय म्हणाला. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. मग तो म्हणतो कसा, "बाई, तुमचा हात हलका हाय. बाप्या माणसाच्या हातात गाडी गुमान चालंल." असा राग आला मला! त्याला काहीतरी लागट बोलायला तुम्ही हवे होतात.

शेवटी परवा निलंग्याला महादू मिस्त्रीकडं गेले. पन्नाशीचा, अबोल माणूस. त्यानं पान्याला हात लावायच्या आधी नुसतं विचारलं. "कधी थरथरते? ब्रेक दाबल्यावर का मोकळी?" मोकळी. "वेग वाढवला तर?" पन्नासच्या पुढं कमी होते. "एक हात सोडला तर?" वाढते. मी उत्तरं देत गेले आणि मनात आलं, तुम्ही डोकं धरून बसला होतात तेव्हा मी असे दोन प्रश्न तरी विचारायला हवे होते.

गाडी स्टँडवर लावून मला मागच्या टोकाला बसवलं, म्हणजे पुढचं चाक उचललं गेलं. त्यानं एक स्क्रू ड्रायव्हर पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला टेकवून त्याचं टोक रिंगेच्या अगदी जवळ धरलं आणि चाक हातानं फिरवलं. रिंग टोकाला घासायची, लांब जायची, पुन्हा घासायची. "आऊट हाय, रिंग वाकलीय," तो म्हणाला. मग चाक दोन्ही हातांनी आडवं हलवून बघितलं, बेरिंग चांगलं होतं. मग हॅण्डल सावकाश डावीकडून उजवीकडं फिरवलं. बरोबर मध्यावर आल्यावर ते एका खाचेत बसल्यासारखं अडकलं. त्यानं मला खाली उतरवून माझा हात हॅण्डलवर ठेवला. मलाही ती खाच लागली.

"आतल्या बॉल रेसरला, म्हंजी हॅण्डल फिरतंय त्या गोळ्यांच्या वाट्यांना, खड्डे पडलेत. झिजून असे पडत न्हाईत बाई, ठोकर लागली की पडतेत. अन् हे बघा, रिंगेला इथं हातोडी मारून बसवलंय. चाकाच्या ह्या सात तारा नव्या हायत. गाडी कधी पडली?"

"पडली नाही."

तोंडातून शब्द गेला आणि मी हॅण्डलवरचा हात काढून घेतला. हेच मी लातूरला डॉक्टरांना सांगितलं होतं. ह्याच आवाजात.

मी विचारलं, "ह्या तारा कुणी टाकल्या असतील?" मिस्त्री म्हणाला, "निलंग्यात रिंगेचं काम आम्ही दोघंच करतो, अन् हे आमचं न्हाई. औरादला बसवराजकडं बघा." त्यानं नवी रिंग चढवली, रेसर बदलले, तारा एकेक करून ओढल्या. गाडी पहिल्यासारखी सरळ झाली. पंचेचाळीसला हॅण्डल गप्प! आणि मला मात्र रस्ता दिसेना. कडेला थांबून डोळे पुसावे लागले.

काल औरादला गेले. बसवराजनं गाडी लांबूनच ओळखली. "अज्जांची गाडी! अज्जा कसं हायत?"

मी सांगितलं. तो टायरवर बसला होता तो उठून उभा राहिला. मग मला खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं.

रस्त्याचं काम चालू होतं. तुम्ही मुरमावर ब्रेक दाबलात, गाडी सरकली आणि पुढचं चाक पुलाच्या कठड्याला बसलं. तुम्ही त्या वाकड्या चाकासकट गाडी ढकलत त्याच्या दुकानापर्यंत आलात. भर उन्हात, मामा! हृदयाचं दुखणं असलेलं माणूस तुम्ही! बसवराज म्हणाला, "कानाजवळ ओला रुमाल धरून दोन तास बसले. मी म्हणलो अज्जा, दवाखान्यात चला, पलीकडंच हाय. तर म्हणले, मला कशाला दवाखाना? घरीच डॉक्टरीण हाय माझी."

मी वळून पलीकडच्या दवाखान्याची पाटी बघितली.

तो पुढं म्हणाला, "सारखं एकच म्हणत होते. सुनेला कळाय नको, पण गाडी तिच्यासाठी बेस झाली पायजे, तीच चालविते. मी म्हणलो, रिंग बदलावीच लागंल, हे तात्पुरतं हाय. पुढच्या आठवड्यात येतो म्हणले. आले न्हाईत. मला वाटलं दुसरीकडं केलं असंल."

तुम्ही येणार होतात. मला माहीत आहे. पण पुढच्या आठवड्यात तुम्हाला आठवड्याचे वारसुद्धा नीट आठवत नव्हते. तरी सकाळी उठून टायर दाबायचं तेवढं विसरला नाहीत.

मामा, तुम्ही मला घाबरलात का हो? एवढी कडक झाले होते मी? गाडी शिकवणाऱ्या माणसाची गाडी काढून घेतली, वरून पहारा ठेवला. मी रागावले असते, हे खरं. खूप रागावले असते. पण त्याच दिवशी तुम्हाला लातूरला नेलं असतं. वेळेत आलेली अशी माणसं बरी होऊन घरी जातात, मी पाहिलीत. हे तुम्ही मला करू द्यायला हवं होतं. आणि मी, मी नुसत्या त्या टेंगळावरून ओळखायला हवं होतं. गोळी मीच मोजून देत होते. हे ओझं तुमच्यावर ढकलत नाही. माझं मला आहे.

औरादहून आले तेव्हा आत्या सुपात तूर निवडत होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या तूर निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "गाडी नेली ते ठावं होतं मला. दुसरी किल्ली पेटीतली मीच दिली. मीच म्हणले, जावा एकदा, शारदा यायच्या आत या."

"आणि पडल्याचं?"

"पायजमा धुतला की मी. लाल मुरूम होता गुडघ्याला. आपलं रान काळं. मला कळलं न्हाई का? कळलं. पर इचारलं न्हाई. इचारलं तर ते खोटं बोलले असते, अन् मग तुझ्यासमोर मलाबी खोटं बोलावं लागलं असतं."

मामा, एका घरात तीन माणसं. एकेक तुकडा एकेकाजवळ, आणि तिघंही गप्प!

थोड्या वेळानं आत्यांनी विचारलं, "म्हंजे तो आळस नव्हता? मी बोलत होते ते?"

"नाही आत्या. आजार होता. त्यांच्या हातात नव्हतं काही."

पाच महिने त्यांच्या मनाला खात होतं, की माणूस आपल्या तोंडची वाईट बोलणी ऐकत गेला. कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी सूप बाजूला सारलं, तोंडाला पदर लावला आणि तेराव्यानंतर पहिल्यांदा मोकळ्यानं रडल्या. मग पदराआडूनच म्हणाल्या, "लई दुखत असंल का गं त्यांना?"

त्यांना बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगणं सोपं होतं. पण आता नको वाटलं. मी म्हणाले, "हो आत्या. दुखत असणार." त्यांनी मान हलवली आणि माझा हात धरून ठेवला. म्हैस ओरडायला लागली तेव्हा दोघी उठलो.

बालाजीला अजून सांगितलेलं नाही. तो शनिवारी येतोय. त्याला वाटतं, आपण जवळ असतो तर बाबा वाचले असते. त्याला समोर बसवून सांगणार आहे, मी डॉक्टरांना काय उत्तर दिलं तेसुद्धा. तो चिडेल. चिडू दे. फोनवर नाही सांगणार आणि यातलं काही गाळणारही नाही.

आणि मामा, तुम्हाला एक शब्द देते. आज सकाळी एक म्हातारी डोकं दुखतंय म्हणून आली होती. तिच्यासोबतच्या सुनेला मी बाहेर बसवलं, दार लोटलं आणि विचारलं, "आजी, पडलाव का कुठं? मी कुणाला सांगणार नाही." तिनं लोटलेल्या दाराकडं एकदा बघितलं आणि हळूच हो म्हणाली. तिला लगेच पुढं लातूरला पाठवलं. इथून पुढं माझ्यासमोर कुणीही असं बसलं, उपकेंद्रात असो नाहीतर आपल्या ओसरीवर, तर मी आधी रागावणार नाही. आधी शेजारी बसेन आणि कुठं लागलं ते विचारीन.

तुमची सून,
शारदा