कोठीतला भोंगा

११ जानेवारी १९७५, शनिवार

बिगूल घरी आणला! कॉलेजच्या वहीत सही करून. सही दोनदा केली, पहिली वाकडी आली होती.

परेडच्या बाई म्हणाल्या, सलामीचा लांब सूर मध्येच तुटतो तुझा. तेवीस तारखेपर्यंत जमला तर सव्वीस जानेवारीला तू, नाहीतर मुलांच्या कॉलेजातून कुणाला तरी बोलावू. आमच्या परेडला मुलगा!

बाबांनी एवढंच सांगितलं— गल्लीतून एक तक्रार आली की बिगूल परत.

आणि भिंतीला भिंत लागून निंगप्पामामांचं घर. त्यांची मिलमध्ये दुसरी पाळी. जेवून झोपतात ते मिलच्या अडीचच्या भोंग्याला उठतात. घरात घड्याळ नाही, भोंगा आहे ना! संध्याकाळी तर अख्खी गल्ली दारात बसलेली. म्हणजे सराव दुपारी एकलाच. आणि हळू.

१२ जानेवारी

हळू वाजणारा बिगूल अजून कुणी केलेला नाही.

आधी बिगुलाच्या तोंडात चादर कोंबली. रेडकू ओरडावं तसा आवाज. आईची हसण्यात भाकरी करपली. मग दोन चादरी डोक्यावरून घेतल्या— मीच गुदमरले. शेवटी ज्वारीची पत्र्याची कोठी सापडली. तळाला चार पायली ज्वारी. बिगुलाचं तोंड आत, वरून चादर. आवाज खाली बसला, जाड झाला. आई बाहेर उभी राहून आली. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही म्हणाली.

१४ जानेवारी

संक्रांत. निंगप्पामामांची गिरिजामामी तिळगूळ देऊन गेली. बिगुलाबद्दल अक्षर नाही. ऐकू गेलं नाही, की आज गोड बोलायचं म्हणून?

१५ जानेवारी

भयंकर झालं.

एक वाजता लांब सूर धरला. शेजारी खाट करकरली. धावपळ, भांडं पडलं. खिडकीतून बघते तर मामा टोपी घालत मिलच्या वाटेला पळताहेत, मामी मागून डबा घेऊन. भोंगा समजले! अडीच वाजले समजले!

दारवान हसला म्हणे. दीड तास फाटकाबाहेर बसले बिचारे.

मी जेवले नाही. आई म्हणाली, तू काय मुद्दाम केलंस का? मुद्दाम नाही केलं. पण हसू आलं, ते खरं.

१६ जानेवारी

मामा माझ्यामुळेच उठले कशावरून? एका उदाहरणावरून नियम काढू नये, असं तर्कशास्त्राच्या पुस्तकात आहे. म्हणून आज पुन्हा एकला वाजवला.

पुन्हा गेले.

१८ जानेवारी

चार दिवसांत चार वेळा. आता नियम काढायला हरकत नाही.

पण मामी आईपाशी रडवेली झाली. ह्यांच्या कानात भोंगा बसलाय म्हणाली, मिलमधले येडा म्हणतात. उद्या मामांना सांगणार. मग तक्रार, मग बिगूल परत, मग तो मुलगा. होऊ दे.

१९ जानेवारी, रविवार

सांगितलं. मामी बाजारात गेलेली. मामा कट्ट्यावर दाढी करत होते. मान खाली घालून सगळं एका दमात सांगून टाकलं.

ते वस्तरा पुसत म्हणाले, “पोरी, भोंग्याला दम लागत न्हाय. तुज्याला लागतोय. पैल्या दिवशी फसलो, व्हय. मग न्हाय.”

मग रोज का गेलात, असं विचारलं. त्यांनी आधी घराकडं बघितलं. जागा दिसलो की ही पाणी भराय लावती, म्हणाले. फाटकासमोरच्या हॉटेलात दीड तास पत्ते रंगतात.

वर मलाच दम. “मधी तोडू नको. हिला कळंल की.”

आता यात खोटं कोण बोलतंय? मी तर फक्त सराव करते.

पण मामी रडवेली झाली होती. मामा म्हणाले, तिचं मी बघतो.

२० जानेवारी

तुटला. मनात मोजलेल्या अकरा आकड्यांवर. मामांनी संध्याकाळी माझ्याकडं बघून मान हलवली.

२२ जानेवारी

सतरा! न तुटता! मामा शांतपणे टोपी घालून गेले.

२३ जानेवारी

मैदानावर वाजवला. कोठी नाही, चादर नाही— केवढा मोठा आवाज असतो याचा! सूर तुटला नाही. बाईंनी यादीत माझं नाव शाईनं लिहिलं. मी जवळ जाऊन वाचून आले.

घरी यायला चार वाजले.

२४ जानेवारी

सकाळी गिरिजामामी दारात. बाबा चहा पीत होते. “तक्रार हाय,” म्हणाली. मी बिगूल आणायला उठले.

“भोंगा कुणाचा ते कळलंय मला. पोरगी काल वाजवली न्हाय. माणूस अडीचपतोर माज्या डोक्यावर बसला. ते गेले की माजा जरा डोळा लागतोय. रोज एकला वाजवाय सांगा तिला.”