तीन नातवंडे आणि सव्वीस मते

मी, अँब्रोज पार्डी, वय अठ्ठ्याहत्तर, पूर्वीचा व्यवसाय मासेमारी व होड्या बांधणे, राहणार गनेट टिकल, न्यूफाउंडलंड, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातील टेबलावर, सकाळचा चहा घेऊन झाल्यावर, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डावा कान गेला आहे, पण लिहायला कान लागत नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही की लालूच दिलेली नाही. यापूर्वी २०१४ साली केलेले मृत्युपत्र पत्नी डल्सी हिच्या नावे होते. ती माझ्याआधी गेली, म्हणून ते रद्द समजावे.

कलम १. वारस.

मला एकच मुलगी, ट्रीना. ती आणि तिचा नवरा आल्बर्टात तेलाच्या खाणीवर असतात. चौदा दिवस काम, सात दिवस सुट्टी. त्यांना तीन मुले आहेत. टेसा सोळा वर्षांची, जार्विस तेरा, ओपल दहा.

डल्सी २०१७ च्या मार्चमध्ये वारली. त्याच जूनमध्ये ट्रीनाचा फोन आला.

"डॅड, मुलांना उन्हाळाभर तुमच्याकडे पाठवते."

"मला मुलांतलं काय कळतं? ते सगळं तुझी आई बघायची."

"होड्यांतलं तरी जन्मतःच कुठे कळत होतं तुम्हाला?"

ती लहान असताना मी बहुतेक समुद्रावर असे. तिचा पहिला दात पडला तेव्हा आणि ती शाळेत पहिली आली तेव्हाही. हे तिने त्या फोनवर काढले नाही, याची नोंद इथे करतो.

कलम २. बाथटब.

वरच्या मजल्यावरील ओतीव लोखंडी बाथटब, पायांसह, मी नात ओपल हिला देतो. तो आल्बर्टाला न्यायचा की नाही, हे तिच्या आईबापांनी तिच्याशी भांडून ठरवावे.

कारण लिहितो. मुले येऊन चार दिवस झाले होते. मी अंघोळीला गेलो तर टबात अकरा मासे. धक्क्याखाली मिळतात ते काटेरी, मोठ्या तोंडाचे, जे कोणी खात नाही. ओपल तेव्हा पाच वर्षांची. ती कमोडच्या झाकणावर बसून पहारा देत होती.

"हे काय आहे?"

"पॉप, हळू बोल. पेशंट झोपलेत."

"कसले पेशंट?"

"यांना जार्विसच्या गळाने लागलंय. बरे झाले की घरी सोडणार."

"आणि मी अंघोळ कुठे करू?"

तिने विचार केला. "तुला कुठे लागलंय का?"

"नाही."

"मग तुला टब कशाला?"

मी नऊ दिवस शेजारी, हेडली स्नूकच्या घरी अंघोळ केली. हेडली आणि त्याची बायको एफी यांना मूलबाळ नव्हते. चाळीस वर्षांच्या शेजारात मी त्यांच्या स्वयंपाकघरापलीकडे कधी गेलो नव्हतो. आता रोज खांद्यावर टॉवेल टाकून जात होतो. हेडली दारातच विचारायचा, "काय गड्या, आज किती दगावले?" एकूण तीन दगावले. त्यांचा टेकडीवर अंत्यविधी झाला आणि एफीने पूर्ण भजन म्हटले. ती गुडघेदुखीने चर्चलासुद्धा जात नसे. माशांसाठी मात्र ती टेकडी चढून आली.

कलम ३. हत्यारे.

शेडमधील सर्व हत्यारे, म्हणजे वाकस, पटाश्या, करवती, शिकंजे आणि माझ्या वडिलांचा लांब रंधा, मी नातू जार्विस याला देतो. रंध्याच्या पात्याला मधोमध खाच आहे. ती त्यानेच पाडली आहे. वय आठ असताना त्याने तो रंधा दगड गुळगुळीत करण्यासाठी वापरला. पंचावन्न वर्षे मी त्या पात्याला बोटसुद्धा लावू दिले नव्हते, ट्रीनालाही नाही. मी ओरडलो. नको ते बोललो. तो रडला नाही. धार लावायचा दगड घेऊन पायरीवर बसला आणि तीन दिवस पाते घासत राहिला. खाच गेली नाही, पण बाकीचे पाते मी लावत असे त्यापेक्षा धारदार झाले. चौथ्या दिवशी आम्ही दोघांनी होडी बांधायला घेतली. डल्सी गेल्यापासून मी शेड उघडलीच नव्हती.

त्या होडीची उजवीकडची तिसरी फळी वाकडी बसली आहे. ती जार्विसची. ती कोणी बदलू नये. पाणी येत नाही.

कलम ४. व्यवस्थापक.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मुलगी ट्रीना हिने करावे, आणि याद्या नात टेसा हिने कराव्यात. यात टेसाचा हात धरणारे कोणी नाही. अकरा वर्षांची असताना तिने माझ्या फ्रिजवर एक कागद चिकटवला. त्यावर "पॉपची कामं" असे लिहून खाली वेळा घातल्या होत्या. सात वाजता औषध. साडेसातला गोड पाकातले तळलेले पाव. आठ वाजता "दाढी (खरोखर करणे)". चार वाजता "नॅनबद्दल एक गोष्ट सांगणे". डल्सीला मुले नॅन म्हणत.

पहिल्या दिवशी चार वाजता मी म्हणालो, "मला काही आठवत नाही."

ती म्हणाली, "ठीक आहे, उद्या दोन सांग."

त्या उन्हाळ्यात मी डल्सीच्या चाळीसएक गोष्टी सांगितल्या. काही मला सांगताना कळल्या.

त्या दोन महिन्यांत घरात काय काय झाले त्याची पूर्ण यादी देत नाही. जिन्याचा कठडा तुटला, पडद्याचे शीड झाले, पुडिंगमध्ये साखरेऐवजी मीठ पडले आणि आम्ही ते हेडलीला खायला दिले. त्याने दोनदा घेतले. दुपारी मी डोळे मिटले की तिघांपैकी कोणीतरी माझी पापणी उचलून पाही. ऑगस्टच्या शेवटी फेरीबोट त्यांना घेऊन गेली, तेव्हा मी घरी येऊन झोपलो आणि सतरा तास झोपलो. उठलो तर घर इतके शांत होते की उजवा कानही गेला असे वाटले.

कलम ५. मतदान.

हे कलम सगळ्यांसमोर वाचावे.

आमच्या गावाला रस्ता नाही. आठवड्यातून तीन वेळा फेरी येते. दहातल्या नऊ जणांनी गाव सोडायला मत दिले तर सरकार प्रत्येक घराला दुसरीकडे बस्तान बसवायला पैसे देते. मग फेरी बंद, वीज बंद. मे महिन्यात हॉलमध्ये सभा झाली तेव्हा मी उभा राहून सांगितले होते की मी जायला तयार आहे. डल्सी नाही, इथे काय आहे? मी मनापासून बोललो होतो.

मतदान सप्टेंबरात झाले, मुले जाऊन तीन आठवडे झाल्यावर. तीस मतदार. सत्तावीस मते हवी होती. सव्वीस पडली.

विरोधातली दोन मते गारलंड बहिणींची होती. त्यांनी आधीच सांगितले होते की त्यांना इथून शवपेटीतूनच बाहेर काढावे लागेल. म्हणजे आणखी दोघे होते. हॉलमध्ये लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग हेडली उठला.

"कोण ते दोघं? तोंडं दाखवा. इथे बायका आजारी आहेत."

एफीची मूत्रपिंडे बिघडायला लागली होती. डॉक्टर म्हणाले होते, वर्ष-दोन वर्षांत रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर जावे लागेल. यंत्र फेरीपलीकडच्या शहरात.

मी म्हणालो, "एक मी."

"तू? मे महिन्यात काय बोलला होतास?"

"मे महिन्यात पोरं आली नव्हती."

हेडली म्हणाला, "वर्षातून दोन महिने येणाऱ्या पोरांसाठी तू तीस माणसांना इथे गाडलंस." हे वाक्य त्याने सगळ्यांसमोर म्हटले आणि ते खोटे नव्हते. दुसरा कोण, ते कळले नाही. एक नाव मिळाल्यावर लोकांनी दुसरे शोधले नाही.

पुढच्या हिवाळ्यात एफीला यंत्रावर जावे लागले. ती शहरात भाचीकडे राहिली. हेडली शुक्रवारच्या फेरीने जाई, सोमवारच्या फेरीने परत येई. बर्फामुळे फेरी बंद असली की दोन-दोन आठवडे जाता येत नसे. एफी २०२० च्या फेब्रुवारीत वारली. त्या आठवड्यातही फेरी बंद होती. मी त्याच्या दारात गेलो. त्याने दार उघडले, पाहिले आणि लावले. मी त्याला दोष देत नाही.

कलम ६. नातवंडांना मोकळीक.

मत मी नातवंडांसाठी दिले, पण ते त्यांनी मागितले नव्हते. त्यांना माहीतही नव्हते. म्हणून त्याचे ओझे त्यांच्यावर नाही, हे मी इथे स्पष्ट करतो.

मतदानानंतरच्या उन्हाळ्यात तिघेही आले. त्याच्या पुढच्या वर्षी टेसाने फोनवर सांगितले, "पॉप, रागावू नकोस. इथे माझ्या मैत्रिणी आहेत. आणि तुझ्याकडे फोनला रेंजच नाही." मी रागावलो नाही. मीही तेरा वर्षांचा असताना आजोबांकडे जायचे टाळत असे, आणि ते पुढच्याच गल्लीत राहत. मग साथीमुळे एक वर्ष कोणीच आले नाही. पुढच्या वर्षी जार्विस आणि ओपल आले. या वर्षी फक्त ओपल, दोन आठवडे. तिने मासे पकडले आणि लगेच सोडून दिले. टब लागला नाही.

मी पाच वर्षांत त्यांचे दिवस मोजले नाहीत. माझ्यामागे कोणी त्यांना "पॉपने तुमच्यासाठी एवढं केलं" असे म्हणू नये. ट्रीना, हे विशेषतः तुला.

कलम ७. घर.

या महिन्याच्या चौदा तारखेला पुन्हा मतदान आहे. आता मतदार एकोणीस उरले आहेत. मी जायच्या बाजूने मत देणार आहे. गाव उठले तर घराबद्दल सरकार जे देईल ते ट्रीनाला जावे. न उठले तर घर ट्रीनाचे. तिने ते ठेवावे, विकावे किंवा वाऱ्याला द्यावे. वाऱ्याला द्यायचे असेल तर आधी छपराचे पत्रे उतरवून घ्यावेत, नाहीतर ते गारलंड बहिणींच्या कोबीत जाऊन पडतील.

कलम ८. अंत्यविधी.

मला डल्सीशेजारी पुरावे. डल्सीचा विधी करणाऱ्या पाद्र्याला बोलावू नये. त्याने तीनची फेरी गाठण्यासाठी दुसरे भजन गाळले. ते डल्सीचे आवडते होते. त्याला माझ्यासाठी पुन्हा धावपळ नको.

कलम ९. होडी.

कलम ३ मधील होडी मी हेडली स्नूक याला द्यायचे ठरवले होते. तसे लिहूनही झाले होते. मागच्या मंगळवारी मी ते सांगायला त्याच्याकडे गेलो. या वेळी त्याने दार उघडे ठेवले.

मी म्हणालो, "होडी तुझ्या नावावर करतोय. एफीच्या बदल्यात नाही. तसं काही देता येत नाही, मला माहीत आहे."

तो खिडकीतून बाहेर पाहत म्हणाला, "अँब्रोज, दुसरं मत माझं होतं."

मला ऐकू आले नाही असे वाटून मी उजवा कान पुढे केला.

"दुसरं. ते माझं."

"तूच तर हॉलमध्ये ओरडलास."

"म्हणूनच ओरडलो."

"कशासाठी दिलंस मत?"

"त्या उन्हाळ्यात तुझी धाकटी न विचारता आत यायची. एफीच्या मांडीवर बसून तिच्या हातावरच्या शिरा मोजायची. रोज वेगळा आकडा. एफी लग्नात हसली नव्हती तेवढी हसली. मला वाटलं, गाव उठलं की हे संपलं. ते यंत्र वगैरे खोटं वाटत होतं मला. हे खरं वाटत होतं."

"एफीला माहीत होतं?"

"नाही. ती शेवटपर्यंत तुझ्यावर चिडून होती. आणि मी चिडू दिलं."

पाच वर्षे माझ्याशी कोणी धड बोलत नव्हते, दुकानात मी गेलो की गप्पा थांबत, आणि हा शेजारच्या खिडकीतून पाहत होता. मला राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि जावा म्हणून मी खटपटही करत नाही. पण त्या दिवशी हॉलमध्ये मी एकटा नव्हतो, हेही मला जाणवले. मी चहा मागितला. त्याने दिला.

निघताना त्याने विचारले, "मृत्युपत्राला साक्षीदार कोण?"

"एक नर्स. दुसरा शोधायचाय."

"मी सही करू?"

"साक्षीदाराला काही मिळत नाही. सही केलीस तर होडी जाईल."

"जाऊ दे. पण मी सांगितलं ते त्यात लिही. हॉलमध्ये उभं राहून बोलायची माझी हिंमत नाही. तू मेल्यावर वाचतील तेव्हा वाचू देत."

"तू माझ्याआधी मेलास तर?"

"तर आधी वाच."

त्यामुळे होडी टेसा, जार्विस आणि ओपल या तिघांना समान हक्काने देतो. एकाला वल्ही, दुसऱ्याला नांगर असली वाटणी करू नये. तिघांनी मिळून ठेवावी किंवा तिघांनी मिळून विकावी. भांडण झाले तर टेसाने यादी करावी.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले. काही ठिकाणी अक्षर खराब आहे, अर्थ खराब नाही. खालील दोघांच्या डोळ्यांसमोर सही करतो. नर्सबाईंनी वरचा मजकूर वाचलेला नाही. हेडलीने कलम ९ वाचण्याचा आग्रह धरला, म्हणून तेवढे वाचू दिले.

ठिकाण: गनेट टिकल
तारीख: ४ ऑक्टोबर २०२२

सही: अँब्रोज पार्डी

साक्षीदार १: व्हेल्मा क्रूक्स, फिरत्या दवाखान्याच्या परिचारिका. सही माझ्यासमोर झाली. लिहिणारा शुद्धीवर असून त्याचा रक्तदाब ठीक आहे.

साक्षीदार २: हेडली स्नूक, राहणार शेजारी. सही माझ्यासमोर झाली. कलम ९ मधला माझा भाग बरोबर आहे. फक्त हॉलमध्ये मी ओरडलो तेव्हा अँब्रोज माझ्याकडे पाहत होता, आणि मी त्याच्याकडे पाहत नव्हतो. हेही लिहून ठेवावे.