सहा गाणी आणि सातवी जागा

मु. पळसटोला, पोस्ट आरमोरी, जिल्हा चांदा
दसऱ्यानंतरचा बुधवार, १९५७

पूज्य देवाजीभाऊ यांना लटारूचा वाकून नमस्कार. (‘पूज्य’ तुमच्या बहिणीने घालायला लावलं. वच्छला शेजारी बसून डाळ निवडते आहे आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवायची, अशी तिची अट आहे. एरवी डफ तुमच्या हातात असला की आपण एकमेकांना अरे-तुरे करत आलो. पण पत्रात तुम्ही माझे थोरले साळे आहात, तेव्हा अहो-जाहो.) इकडे सर्व ठीक आहे. माझा उजवा गुडघा सोडला तर मी ठीक, खोकला सोडला तर वच्छला ठीक, आणि शेळीला सोडू नये, कारण सोडली की ती पाटलाच्या वांग्यात जाते. तुमची प्रकृती कशी आहे? बल्लारशाच्या लाकूड डेपोत भुसा फार उडतो, असं तिकडे जाऊन आलेला आपला ढोलकीवाला बिरजू सांगत होता. रोज गुळाचा खडा खात जा. घसा तुमचा असला तरी त्यातला अर्धा आमचा आहे.

पाच वर्षांत पत्र का लिहिलं नाही, असं तुम्ही विचाराल. पहिल्या वर्षी तुमच्या पत्राची वाट पाहिली. दुसऱ्या वर्षी रागात होतो. तिसऱ्या वर्षी राग गेला, पण दौतीतली शाई वाळली होती. चौथ्या वर्षी शाई आणली तर लाज आडवी आली. तुम्ही त्या मंडईच्या जत्रेत भर गर्दीत डफ खाली ठेवून निघून गेलात, तो विषय मी या पत्रात काढणार नाही. वच्छलेला तसा शब्द दिला आहे. तर या पत्राचं कारण वेगळंच आहे.

गेल्या महिन्यात नागपूरचे एक साहेब जीप घेऊन आले. नाव त्यांनी सांगितलं होतं, पण गाव त्यांना पेटीवाले साहेब म्हणतो. ट्रंकेएवढी पेटी, वर दोन चकत्या; एकीवरची फीत दुसरीवर गुंडाळत जाते आणि समोर जे म्हणाल ते तिच्यात राहतं. ते खालून, सिरोंच्याहून, गाणी भरत भरत वर आले. गोदावरीवरच्या मासे धरणाऱ्यांनी तेलुगूत बरीच फीत खाल्ली. आरमोरीच्या बाजारात कोणीतरी साहेबांना आपल्या नाचगाण्याच्या दंडारीचं नाव सांगितलं. म्हणाले, शेवटच्या चकतीवर अठ्ठावीस मिनिटं उरली आहेत, ती तुमची. चार-चार मिनिटांची सात गाणी निवडा, तुमच्या मंडळाची सगळ्यांत चांगली. ती जपून ठेवली जातील, आपण सगळे गेल्यावरही लोक ऐकतील. देवाजीभाऊ, चार मिनिटं! तेवढ्यात तर आपण खाकरतो. तुमचं एक गाणं सुरू झालं की लोक घरी जाऊन जेवून येत आणि तरी त्यांचं काही चुकलेलं नसे.

पण मी हरखलो हे कबूल करतो. बिरजू, पोचू आणि मी, तिघे मोहाच्या झाडाखाली निवडीला बसलो. आपली गाणी किती? बिरजू म्हणतो शंभर. पोचू म्हणतो चाळीस. (ज्या गाण्यात त्याला लुगडं नेसून नाचायला मिळत नाही ते तो मोजतच नाही. आता त्याचे पुढचे चार दात गेले आहेत, पण मुरका तोच आहे.) पहिला गण हवा यावर सगळ्यांचं एकमत, म्हणून तिथेच वाद झाला. बिरजूला जुना गण हवा, मला तो दुसरा, ज्यात एकदा तुम्ही ओळ विसरलात आणि गणपतीला आरमोरीच्या बाजारातले मासे सांगून वेळ मारून नेलीत. तोच घेतला. मग मोहफुलं खाऊन झिंगलेल्या अस्वलाचं. मग फॉरेस्ट गार्डच्या सायकलीचं, ज्याला तो गार्ड स्वतः आधी चिडून उठला आणि मग ‘पुन्हा म्हणा’ म्हणून बसला. दोन बायकांच्या दादल्याचं गाणं पोचूने रुसून मिळवलं. धानाच्या रोवणीचं गाणं घेतलं; बायका ते चिखलात कंबर मोडून म्हणतात आणि आपण वहाणा घालून म्हणतो, तरी लोक आपल्यालाच शाबासकी देतात. सहावं सवालाचं, ज्यात पलीकडच्या गावची दंडार अडकली आणि त्यांचा शाहीर तहान लागली म्हणून उठला तो परत आलाच नाही.

सहा झाली. सातव्या गाण्याचं नाव कोणी काढलं नाही. तिघांनाही ते माहीत होतं. पोचू खाली बघून गवताची काडी मोडत बसला, बिरजूने ढोलकीची दोरी उगाच ताणली, आणि मी म्हणालो, सातवं मागून बघू.

साहेब म्हणाले, थोडं भरून पाहू. जीपच्या बॅटरीला तार लावली, चकत्या फिरायला लागल्या, बिरजूने ढोलकी धरली आणि मी माझ्या जागी उभा राहिलो. माझी जागा म्हणजे तुमच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे. तीस वर्षं मी झीलकरी. तुम्ही ओळ टाकायची आणि मी तिचं शेपूट उचलायचं. तसाच उभा राहिलो, ढोलकी ऐकली, तुमची ओळ मनात वाजली, संपली, आणि मी शेपूट उचललं. पुन्हा थांबलो. पुन्हा उचललं. साहेबांनी पेटी बंद केली.

“अहो, म्हणा की!”

“म्हणून राह्यलो न जी.”

“पण सुरुवात?”

“ते देवाजीभाऊ म्हणते.”

“ते कुठे आहेत?”

“बल्लारशाले.”

साहेब चष्मा पुसत बसले. मग त्यांनी भरलेलं वाजवून दाखवलं. ढोलकी, मग काहीच नाही, मग एक चिरका आवाज, मग पुन्हा काही नाही. पोचू म्हणाला, “हे बोकड कोनाचं होय बाप्पा?” सगळे हसले. मीही हसलो. तो आवाज माझाच आहे हे मला नंतर कळलं. (तीस वर्षं तुम्ही हा आवाज कानाशी घेऊन गायलात आणि कधी एका शब्दाने बोलला नाहीत. तुमचे उपकार आहेत.) साहेबांनी दुसऱ्यांदा वाजवलं तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. मी तुमच्या ओळीएवढा, अगदी तेवढाच, थांबलो होतो. त्या मोकळ्या जागेत झाडावरचा कावळा ऐकू येत होता. जीपखालचं कुत्रं कान खाजवत होतं, तेही ऐकू येत होतं. तुम्ही नव्हता. मला फार वाईट वाटलं, देवाजीभाऊ. इतकं की मी गुडघा दुखतो असं सांगून बाजूला जाऊन बसलो.

मग मीच दोन्ही म्हणून पाहिलं. ओळ ओठावर येते ती तुमच्या आवाजात येते, आणि तोंड उघडलं की जाते. बिरजूने म्हणून पाहिलं तर पाटलाच्या म्हशी गोठा सोडून आल्या. राहिली गाण्यांची वही. ती तुम्ही जाताना मानाच्या शेल्यासोबत आमच्या खुंटीवर टांगून गेलात. काढली तर वाळवीने वही पार खाल्ली होती आणि शेल्याला दातही लावला नव्हता. (त्या दिवशी पाटलाने शेला तुम्हाला एकट्याला दिला म्हणून मी रुसलो आणि तोंड मिटून उभा राहिलो, असं अजून सगळा गाव म्हणतो. वाळवीलासुद्धा नको असलेल्या शेल्यासाठी!)

साहेब म्हणाले, मंडईला पुन्हा येतो, तोवर काहीतरी करा. त्यांना आपल्याविषयी कळवळा आहे, पण फीत तेवढीच आहे. त्यानंतर ती चकती डब्यात बंद होऊन नागपूरला जाईल आणि त्यात राहतील बिरजूची ढोलकी, पोचूचा बोकड आणि कावळा. म्हणून विनंती एवढीच, की सहाही गाण्यांच्या ओळी कार्डावर लिहून पाठवाव्यात. एका कार्डावर न मावल्यास दोन कार्डं घ्यावीत. बाकी तसदी नाही. वहिनींना नमस्कार सांगावा.

आपला,
लटारू

ता. क. वच्छलेने वरचं सगळं ऐकलं आणि ती म्हणते की कार्ड कशाला? तिचे शब्द तिच्याच बोलीत लिहितो, कारण मी बदलले तर ती ओळखते: “भाऊले म्हना, चार भाऊबिजा झाल्या, मी चंद्राले ओवाळून राह्यली. चंद्र काई जेवते का? चंद्र काई बोलते का?” दर वर्षी ती पाट मांडते, अंगणात जाऊन आरती वर करते, मग आत येऊन पाट स्वतःच उचलते. मी तेव्हा शेळी बघायला जातो. मंडई भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आहे. एक दिवस आधी निघालात तर दोन्ही होईल. सहा गाण्यांपुरते या. कार्डं पाठवू नका.

ता. क. २. वच्छला विहिरीवर गेली आहे. ती येईपर्यंत शब्द मोडतो. त्या मंडईच्या दोन महिने आधी, भादव्यात, आमची शेवंता सासरी बाळंतपणात गेली. सासर वैनगंगेच्या पलीकडे. नदीला पूर, एकही नावाडी डोंगा घालेना. आम्हाला कळलं तिसऱ्या दिवशी आणि पोचलो पाचव्या. पोरीचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही माझ्याबरोबर काठावर उभे होता. मग मंडईत लोकांनी फर्माईश केली आणि तुम्ही तेच गाणं धरलंत, जे मामा म्हणून तुम्ही तिच्या लग्नासाठी केलं होतं. ‘डोंगा लागला घाटाले.’ पुढे मी म्हणायचं, ‘हळू पाय ठेवजो, वो बाई.’ माझं तोंड उघडलं नाही. तुम्ही ओळ तीनदा टाकलीत, लोक हसले, तुम्ही डफ खाली ठेवलात. शेल्याचं काहीही नव्हतं.

पाच वर्षं मी मनात म्हणत आलो, की या माणसाला आपल्या भाचीची आठवण दोन महिने राहिली नाही. पण त्या पेटीतल्या मोकळ्या जागा ऐकल्यापासून वेगळं वाटायला लागलं. गाणी तुम्हाला शंभर येत होती. फर्माईश टाळता आली असती. तुम्हाला तिच्यासाठी रडायचं होतं आणि आपल्याला ते एकट्याने येत नाही. ओळ तुमच्याकडे होती, शेपूट माझ्याकडे. मी ते दिलं नाही. चूक माझी होती. बिरजू म्हणतो, तुम्ही तिकडे भजनालासुद्धा तोंड उघडत नाही. तेही माझ्यामुळेच असेल, तर कळवू नका; मला सोसणार नाही.

ता. क. ३. वच्छला परत आली. “एवढं काय लिवून राह्यले?” म्हणाली. गाण्यांची यादी, म्हणालो. ती वाचता येत नसलेल्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “शेवंताचं टाकलं का त्यात?” तेव्हा यादी पुरी केली. सातव्या जागी ‘डोंगा’ लिहिलं आहे. आता डफ तुझ्या हातात आहे असं समजून अरे-तुरे करतो. देवाजी, तू ये आणि ओळ टाक. या वेळी तीनदा टाकावी लागणार नाही.